‘शक्यता आहे’ म्हणजे शंभरात किती?

पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या घरांत तीन ठिकाणांहून उद्याची खबर येते. मोबाइलवर हवामान विभागाचा इशारा येतो. वैनगंगेच्या काठी गोसीखुर्दच्या दरवाजांची आणि नदीच्या पातळीची सूचना येते. आणि घरात कोणी आजारी असेल, तर दवाखान्यातून एक कागद येतो, तोही बहुधा इंग्रजीत. तिन्ही ठिकाणी सांगितलेले काहीच अजून घडलेले नसते. ते घडेल की नाही, हे सांगणाऱ्यालाही पक्के ठाऊक नसते. मात्र त्याच्यावर विसंबून परह्याची रोवणी थांबवायची की नाही, गोठ्यातली जनावरे हलवायची की नाही, रुग्णाला नागपूरला न्यायचे की नाही, हे आजच ठरवावे लागते.

इंग्रजीत अशा न घडलेल्या गोष्टींबद्दल बोलायला शब्दांची मोठी उतरंड आहे. ‘माइट’ म्हटले की शंका जास्त, ‘मे’ म्हटले की थोडी कमी. ‘पॉसिबल’ म्हणजे अशक्य नाही, एवढेच. ‘लाइकली’ आणि ‘प्रॉबेबल’ म्हणजे न होण्यापेक्षा होण्याचीच बाजू जड. ‘विल’ म्हणजे होणार. वाईट गोष्टीसाठी ‘रिस्क’, चांगल्यासाठी ‘होप’, दोन्हींसाठी ‘चान्स’. हे सगळे शब्द मराठीत उतरताना बहुतेक वेळा एकाच वाक्यात येऊन बसतात: ‘शक्यता आहे’. डॉक्टरने इंग्रजीत वाचलेले, मनात इंग्रजीतच तोललेले आणि मराठीत किंवा झाडीबोलीत सांगितलेले वजन वाटेत गळते. ऐकणाऱ्याच्या हाती उरतो तो एक शब्द. त्यात भीती किती आणि दिलासा किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

इंग्रजीतही घोळ आहेच

पण इंग्रजी शब्द कळले की सगळे कळले, असेही नाही. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेत, सीआयएत, एक अहवाल तयार झाला. युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाकडून हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असे त्यात इंग्रजीत म्हटले होते. अहवालाच्या कामात असलेल्या शर्मन केंट यांना एका अधिकाऱ्याने सहज विचारले, की या शब्दांचा अर्थ नेमका किती? केंट यांच्या मनात शंभरात ६५ होते. अधिकाऱ्याला मात्र ते बरेच कमी वाटले होते. मग केंट यांनी अहवाल लिहिणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारले. उत्तरे आली २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत. एकाच वाक्यावर सगळ्यांनी सहमती दिली होती, पण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळे भविष्य होते. पुढे १९६४ मध्ये केंट यांनी लेख लिहून प्रत्येक शब्दाला आकडा जोडण्याचा आग्रह धरला. ‘जवळजवळ नक्की’ म्हणजे सुमारे ९३ टक्के, ‘संभाव्य’ म्हणजे सुमारे ७५ टक्के, अशी ती यादी होती.

आज अनेक संस्था अशा याद्या वापरतात, पण प्रत्येकीची यादी वेगळी आहे. भारतीय हवामान विभागाच्या अंदाजात ‘लाइकली’ म्हणजे साधारण २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५ टक्के आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक. जगाच्या तापमानवाढीवर अहवाल देणाऱ्या आयपीसीसीच्या भाषेत मात्र ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० टक्क्यांच्या वर. शब्द तोच, विषय दोन्हीकडे आभाळाचाच, आणि वजनात जवळपास दुपटीचा फरक.

औषधाच्या वेष्टनातल्या घडीच्या कागदावरही हेच. युरोपीय पद्धतीप्रमाणे एखादा दुष्परिणाम ‘कॉमन’ लिहिला असेल, तर त्याचा अर्थ शंभरात १ ते १० जणांना. ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांत १ ते १० जणांना. सामान्य माणसाला ‘कॉमन’ म्हणजे ‘नेहमीच होणारे’ वाटते. परदेशांत लोकांना विचारून पाहिले, तेव्हा त्यांनी या शब्दासाठी सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. रक्तदाबाची गोळी दोन दिवसांत बंद करणाऱ्यांपैकी काहीजणांच्या मागे असा एखादा शब्द असतो.

आकडा सांगितला तरी तो कशाचा, हा प्रश्न उरतोच. ‘उद्या पावसाची शक्यता ३० टक्के’ याचा अर्थ काय, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत विचारले. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणी म्हणाले, उद्या दिवसाच्या ३० टक्के वेळ पाऊस पडेल. कोणी म्हणाले, ३० टक्के भागात पडेल. ‘आजच्यासारखी परिस्थिती असलेल्या शंभर दिवसांपैकी ३० दिवशी पाऊस पडतो’ हा बरोबर अर्थ बहुसंख्येने निवडणारे शहर एकच होते, न्यूयॉर्क. तिथल्या लोकांना अशा अंदाजांची कित्येक वर्षांची सवय होती.

सिकलसेल आणि ‘२५ टक्के’

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न सर्वांत जास्त टोचतो तो सिकलसेलच्या बाबतीत. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा विदर्भाचा पूर्व भाग या आजाराच्या पट्ट्यात येतो. आदिवासी समाजांत तो आढळतो, तसाच इतर अनेक समाजांतही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार आरोग्याचा मोठा प्रश्न राहू नये, हे त्याचे उद्दिष्ट. त्यासाठी ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले.

तपासणीनंतर माणूस तीनपैकी एका गटात येतो. निरोगी, वाहक किंवा ग्रस्त. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. आई-वडिलांकडून मिळालेल्या दोन जनुकांपैकी त्याचे एकच सदोष असते. ग्रस्ताची दोन्ही सदोष असतात. त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे-सांध्यांत असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग हे त्याच्या वाट्याला येते.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर समुपदेशक सांगतो, ‘मूल ग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के आहे.’ वैद्यकशास्त्रात याहून पक्का आकडा क्वचितच मिळतो. तरीही समोरच्या खुर्चीवर बसलेल्या जोडप्याच्या मनात त्याचे निदान चार अर्थ होऊ शकतात.

पहिला अर्थ, चारपैकी एक. म्हणजे थोरले मूल ग्रस्त निघाले, तर आपला वाटा भरला, आता पुढची तिन्ही मुले निरोगी. दुसरा अर्थ याच्या उलट. पहिली दोन चांगली निघाली, म्हणजे आता तिसऱ्याच्या वेळी पाळी येणार. तिसरा अर्थ, प्रत्येक मुलाला २५ टक्के आजार होईल, म्हणजे सौम्य होईल. चौथा अर्थ, २५ म्हणजे परीक्षेत नापास व्हायचे गुण; इतक्या कमी आकड्याची काळजी कशाला? हे चारही अर्थ चुकीचे आहेत. चारही अर्थांवर लग्ने ठरू शकतात, आणि पुढच्या बाळाचा निर्णयही.

खरा अर्थ दोन नाण्यांनी समजतो. एक नाणे आईचे, एक बापाचे. प्रत्येकाच्या एका बाजूला निरोगी जनुक, दुसऱ्या बाजूला सदोष. दर गरोदरपणात ही दोन्ही नाणी नव्याने उडतात. दोन्हींची सदोष बाजू वर आली, तर मूल ग्रस्त. एक निरोगी, एक सदोष आली, तर वाहक. याची शक्यता ५० टक्के. दोन्ही निरोगी आल्या, तर मूल पूर्ण निरोगी. याची २५ टक्के. नाण्याला आठवण नसते. मागच्या वेळी काय झाले, हे त्याला माहीत नाही. म्हणून पहिले मूल ग्रस्त असो वा निरोगी, दुसऱ्याच्या वेळी आकडा पुन्हा २५ च.

हाच हिशेब घराघरांवर मांडून पाहिला की आणखी स्पष्ट होतो. दोघेही वाहक असलेली आणि प्रत्येकी चार मुले असलेली शंभर घरे घेतली, तर सुमारे ३२ घरांत एकही मूल ग्रस्त नसेल. सुमारे ४२ घरांत एक असेल. २१ घरांत दोन असतील. उरलेल्या ५ घरांत तीन किंवा चारही. म्हणजे ‘चारपैकी एक’ हे अक्षरशः खरे होणारी घरे निम्म्याहूनही कमी. ज्या घरात चारपैकी दोन मुले आजारी आहेत, तिथे डॉक्टरचे गणित चुकलेले नसते आणि आईचे नशीबही फुटके नसते. एकही आजारी नाही अशा घरात तपासणी खोटी ठरत नाही.

एक वाहक आणि एक निरोगी असे जोडपे असेल, तर मूल ग्रस्त होत नाही. ते वाहक असू शकते. एक वाहक आणि एक ग्रस्त असेल, तर दर खेपेला ग्रस्त मुलाची शक्यता ५० टक्के. म्हणून लग्नाआधी दोघांचीही तपासणी हवी. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याने गरोदरपणाच्या सुरुवातीलाच दवाखाना गाठला, तर गर्भाची तपासणी करून २५ टक्क्यांच्या जागी ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मिळवता येते. उशीर झाला की ही वाट अरुंद होते.

तारीख दिली म्हणजे काय दिले?

गरोदर बाईच्या कार्डावर इंग्रजीत तीन अक्षरे असतात, ई.डी.डी. पूर्ण रूप ‘एक्स्पेक्टेड डेट ऑफ डिलिव्हरी’. त्यातला ‘एक्स्पेक्टेड’ म्हणजे ‘अपेक्षित’ हा शब्द बोलताना गळून पडतो आणि राहते फक्त ‘तारीख’. ‘डॉक्टरांनी २० तारीख दिली.’ जशी कोर्टाची तारीख, तशी ही. तिच्या आधी जायचे कारण नाही, असा समज होतो.

ही तारीख काढायची रीत सरळ आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजायचे. पण नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळे शंभरात जेमतेम चार-पाच. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून पुढे कधीही कळा सुरू होणे नैसर्गिक आहे. जगभरात दहातले सुमारे एक बाळ तर ३७ आठवडेही पूर्ण व्हायच्या आत येते. तेव्हा कार्डावरची तारीख हा एका पाच आठवड्यांच्या पट्ट्यातला एक दिवस आहे.

हे कळले नाही, तर काय होते? रोवणीच्या दिवसांत घरातली माणसे बांध्यांत असतात. कळा सुरू होतात, पण ‘तारखेला अजून पंधरा दिवस आहेत’ म्हणून त्या पोटदुखी ठरतात. रात्र होते, नाल्याला पाणी येते, रस्ता बंद होतो. त्याऐवजी पहिल्यापासूनच ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत केव्हाही’ असे सांगितले, तर पट्टा सुरू होण्याआधीच गाडी कोणाची, सोबत कोण, घरी कोण राहणार, १०२ आणि १०८ क्रमांक कोणाच्या मोबाइलमध्ये आहेत, हे ठरवता येते.

‘काही होऊ शकते’ एवढ्याने कोणी थांबत नाही

धानाच्या शेतीच्या जिल्ह्यात साप चावलेला रुग्ण येणे नवीन नाही. त्यात मण्यार विशेष फसवी. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना फारशी नसते, सूज नसते, दाताची खूण दिसेलच असेही नाही. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा चालत-बोलत असतो. डॉक्टर सांगतात, ‘२४ तास ठेवावे लागेल, काही होऊ शकते.’ नातेवाइकांना दिसतो धडधाकट माणूस. मराठीत ‘होऊ शकते’ हा फार मवाळ प्रयोग आहे. तो ऐकून मनात येते, ‘म्हणजे होणार नाही, डॉक्टर नियम म्हणून सांगत आहेत.’ सही करून घरी नेण्याची घाई इथूनच सुरू होते.

इथे डॉक्टरला खरोखरच ठाऊक नसते. विषारी सापसुद्धा कधीकधी विष न सोडता चावतो. पण विष गेले असेल, तर काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वासाचे स्नायू थकतात. तेव्हा माणूस कुठे आहे, यावर सगळे अवलंबून असते. म्हणून वाक्य असे हवे: ‘विष गेले की नाही, हे आता सांगता येत नाही. गेले असेल तर रात्रीत श्वास थांबू शकतो. इथे प्रतिविष आणि ऑक्सिजन आहे, घरी नाही.’ या वाक्यात टक्केवारी एकही नाही, पण निर्णयाला लागणारे सगळे आहे.

निर्णय केवळ शक्यतेवर होत नसतो. किती शक्यता आणि घडले तर किती नुकसान, या दोन्हींचा गुणाकार बघावा लागतो. हवामान विभागाचे रंग याच तत्त्वावर आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना पाऊस किती, एवढेच नव्हे, तर तो पडण्याची खात्री किती आणि परिणाम काय, हेही धरलेले असते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहराच्या वस्त्यांतही पाणी शिरले. तो पूर पाहिलेला माणूस नारिंगी इशाऱ्यालाही सामान उचलतो. ज्याचे घर उंचावर आहे, त्याला त्याच इशाऱ्यात छत्री पुरेशी वाटते. दोघांनाही खबर एकच मिळाली आहे. नुकसान मात्र सारखे नाही.

‘गार्डेड’, ‘प्रॉबेबली’ आणि ‘फिफ्टी-फिफ्टी’

दवाखान्याच्या कागदांवरच्या काही इंग्रजी शब्दांचा अर्थ माहीत असलेला बरा. ‘गार्डेड प्रोग्नोसिस’ म्हणजे रुग्ण पहाऱ्यात आहे असे नव्हे; पुढे काय होईल याबद्दल डॉक्टर हात राखून बोलत आहेत. ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ म्हणजे तो आजार आहे असे नाही. नाही असे या तपासणीवरून म्हणता येत नाही, इतकेच. ‘सजेस्टिव्ह ऑफ’ म्हणजे चित्र त्या आजाराकडे बोट दाखवते, शिक्कामोर्तब बाकी आहे.

स्तनाच्या गाठीच्या अहवालात हे शब्द जिवाला घोर लावतात. तिथे बाय-रॅड्स नावाची जागतिक श्रेणी वापरतात. श्रेणी ३ ला इंग्रजीत ‘प्रॉबेबली बिनाइन’, म्हणजे ‘बहुधा साधी गाठ’ म्हणतात. ‘बहुधा’ वाचून घर हादरते. प्रत्यक्षात या श्रेणीत कर्करोग निघण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नसते. म्हणून सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघायला सांगतात. श्रेणी ५ मध्ये ती ९५ टक्के किंवा त्याहून अधिक असते. आणि श्रेणी ४, ‘संशयास्पद’, ही तर २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेली आहे. एवढ्या लांबरुंद शब्दावर रडायचेही नाही आणि निश्चिंतही व्हायचे नाही. गाठीचा तुकडा तपासून घ्यायचा. तिसऱ्या श्रेणीने उगाच घाबरणे आणि चौथ्या श्रेणीला ‘नुसता संशय तर आहे’ म्हणून महिने घालवणे, दोन्ही शब्दाच्या वजनाची चूक आहे.

आणखी एक शब्द वॉर्डात सर्रास ऐकू येतो, ‘फिफ्टी-फिफ्टी’. ऐकायला आकडा आहे, पण बहुतेक वेळा तो आकडा नसतोच. माणसे ‘५० टक्के’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांना ‘मला काय माहीत’ असे म्हणायचे असते, हे मानसशास्त्राच्या अभ्यासांतही दिसले आहे. डॉक्टर तसे म्हणाले, तर विचारावे, ‘असे शंभर पेशंट असतील तर त्यातले खरंच पन्नास वाचतात, की नक्की सांगता येत नाही?’ दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात, पण ती एक नाहीत. सिकलसेलमध्ये आकडा पक्का आणि निकाल अनिश्चित. सर्पदंशात आकडाच ठाऊक नाही. आयपीसीसीच्या अहवालांत म्हणूनच दोन वेगळ्या पट्ट्या असतात. घटना किती संभवते, ही एक. आणि हे म्हणणाऱ्याला स्वतःच्या म्हणण्याची किती खात्री आहे, ही दुसरी.

‘किती दिवस?’

सर्वांत अवघड प्रश्न हा. शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांबद्दल डॉक्टरांचे अंदाज किती बरोबर येतात, हे अमेरिकेत निकोलस ख्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी तपासले. २००० साली ते प्रसिद्ध झाले. शिकागोतल्या ३४३ डॉक्टरांनी ४६८ रुग्णांबद्दल अंदाज दिले होते. बरोबर ठरले फक्त २० टक्के. ६३ टक्के अंदाज गरजेपेक्षा आशावादी निघाले. सरासरीने डॉक्टरांनी रुग्णाचे उरलेले आयुष्य पाचपटीहून जास्त सांगितले होते. रुग्णाशी जितकी जुनी ओळख, तितकी चूक मोठी. ओळखीच्या माणसाला वाईट सांगताना जीभ अडखळते, तशी बुद्धीही अडखळते.

उलट बाजूही आहे. स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञाला १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. पुस्तकांत या आजारासाठी मध्यक आयुष्य आठ महिने दिले होते. गूल्ड यांनी त्याचा अर्थ नीट वाचला. निम्मे रुग्ण आठ महिन्यांत जातात, म्हणजे उरलेले निम्मे त्यानंतरही जगतात, आणि त्यांच्यातले काही पुष्कळ वर्षे. आपले वय, आजार सापडण्याची वेळ, उपचार यांचा विचार करून आपण दुसऱ्या निम्म्यात असू, असे त्यांना वाटले. ते त्यानंतर २० वर्षे जगले. ‘आठ महिने’ हा आकडा खोटा नव्हता. तो एका माणसाची मुदत नव्हता, इतकेच.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. चरकसंहितेत रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे प्रकार सांगितले आहेत. सहज बरा होणारा, कष्टाने बरा होणारा, बरा न होणारा पण उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहणारा, आणि ज्यापुढे उपाय नाही असा. यातला ‘याप्य’ हा शब्द आज मधुमेहाला किंवा सिकलसेलला चपखल बसतो. ‘बरा होईल का?’ या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधले उत्तर त्यात आहे.

मराठीकडे साधने नाहीत असेही नाही. ‘होईल’ आणि ‘होईलच’ यांत एका ‘च’ चा फरक, पण केवढा! ‘होईल’, ‘होणार’, ‘होईलसे वाटते’, ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘क्वचित’ ही उतरंड इंग्रजीहून कमी नाही. अडचण ही, की आपण ती आशीर्वाद आणि धीर द्यायला वापरतो, मोजायला नाही. मृग नक्षत्राचे वाहन बेडूक किंवा हत्ती असले की पाऊस भरपूर, असे पंचांग सांगते. पण कोणत्या गावात, किती मिलिमीटर आणि शंभरात कितीदा, हे सांगत नाही. म्हणून ते चुकले असे कोणाला सिद्धही करता येत नाही. मोजलेला अंदाज मात्र तपासता येतो. ३० टक्के सांगितलेल्या दिवसांपैकी दहातल्या तीन दिवशी पाऊस पडला, तर अंदाज चोख. एका कोरड्या दिवसावरून तो खोटा ठरत नाही.

डॉक्टरांना काय विचारावे?

‘बरा होईल ना जी?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर ‘होईल’ याशिवाय दुसरे देणे कोणालाही जड जाते. त्याच्याबरोबर आणखी पाच प्रश्न विचारावेत.

एक, अशा शंभर रुग्णांपैकी किती जणांना हे होते? टक्क्यांपेक्षा ‘शंभर माणसांपैकी इतकी’ हे चटकन समजते.

दोन, किती दिवसांत? ‘धोका आहे’ हा आज रात्रीचा, महिन्याचा की दहा वर्षांचा?

तीन, उलट बाजूने किती? ‘ऑपरेशनमध्ये शंभरातले १० दगावतात’ आणि ‘शंभरातले ९० वाचतात’ ही एकच माहिती आहे, पण नुसते पहिले ऐकणारा मागे हटतो आणि नुसते दुसरे ऐकणारा सही करतो. दोन्ही वाक्ये ऐकूनच ठरवावे. उपचार घेतला नाही तर शंभरातले किती, हाही आकडा त्यासोबत मागावा.

चार, हा आकडा पक्का आहे की अंदाजाचा? ‘सांगता येत नाही’ हे उत्तर मिळाले, तर ते डॉक्टरचे अज्ञान समजू नये. पुष्कळदा तेच सर्वांत खरे उत्तर असते.

पाच, काय दिसले तर परत यायचे, किती वेळात आणि कुठे? हे उत्तर मराठीत लिहून मागावे. रुग्णालयातून सुटी होताना मिळालेल्या इंग्रजी कागदाच्या मागच्या बाजूला दोन ओळी पुरतात: ताप किती चढला तर, श्वास कसा झाला तर, लघवी किती वेळ झाली नाही तर, आणि त्या वेळी गावातले उपकेंद्र गाठायचे की थेट जिल्हा रुग्णालय. त्या ओळी वाचायला घरात इंग्रजी येणारे माणूस लागत नाही.